एरागॉन: हिशोब ठेवला तिथे जमलंय, सोडला तिथे फसलंय

एरागॉन या ड्रॅगनवाल्या इंग्रजी कादंबरीबद्दल कुठेही काही वाचायला गेलं की पहिल्या दोन ओळींत एक गोष्ट हमखास असते, की लेखकाने हे 15 व्या वर्षी लिहायला घेतलं, आणि तिसऱ्या ओळीत दुसरी, की सगळं स्टार वॉर्समधून उचललंय. दोन्ही खरंय. पण एवढं सांगून झालं की लोक एकतर "वा, काय पोरगं आहे" म्हणून टाळ्या वाजवतात नाहीतर "चोर आहे" म्हणून पुस्तक मिटतात, आणि त्यात नक्की काय जमलंय नि काय फसलंय ते राहूनच जातं. माझा भाचा आठवीत आहे, तो या पुस्तकासाठी इतका मागे लागला की शेवटी वाचलं, मग पुढचे भागही वाचले, आणि त्याच्याशी वाद घालून घालून माझं एक मत पक्कं झालंय ते इथे लिहून टाकते. स्पॉयलर भरपूर आहेत. पुस्तक येऊन वीस वर्षं उलटून गेली, आता काय लपवायचं.

आधी लेखकाचं उरकते. क्रिस्टोफर पाओलिनी. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात पॅराडाइज व्हॅली म्हणून एक खोरं आहे, यलोस्टोन नदीच्या काठाचं, दोन्ही बाजूंनी डोंगर, तिथे वाढलेला मुलगा. आईवडिलांनी घरीच शिकवलं, 15 व्या वर्षी हायस्कूलचा अभ्यास संपला, मग आता करायचं काय म्हणून कादंबरी. 2002 मध्ये घरच्यांनीच ती छापली. कव्हरवरचा ड्रॅगनचा डोळा त्यानेच काढलेला, नकाशा त्यानेच काढलेला, आणि मग लाल शर्ट, ढगळ काळी पँट, काळी टोपी असा जुन्या काळातला वेष चढवून शाळा, लायब्ऱ्या, पुस्तकांची दुकानं असे शंभरावर कार्यक्रम करत पठ्ठ्या हिंडला. कार्ल हायासन या लेखकाच्या सावत्र मुलाच्या हातात ते पुस्तक पडलं, त्याला आवडलं, हायासनने आपल्या प्रकाशकाला म्हणजे नॉफला कळवलं, आणि ऑगस्ट 2003 मध्ये ते मोठ्या प्रकाशनाकडून बाजारात आलं. तेव्हा पाओलिनी 19 वर्षांचा होता.

कौतुक आहेच, पण वयाची सवलत मी देणार नाहीये. ज्या भाषेत 15-16 वर्षांच्या पोराने ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो त्या भाषेतल्या वाचकाला वयाचं काय सांगता.

गोष्ट अशी आहे. अलगेशिया नावाचा देश, तिथे पूर्वी ड्रॅगनवर बसणारे रायडर लोक शांतता राखायचे, त्यांच्यातलाच एक गॅलबटोरिक्स उलटला आणि बाकीच्यांना संपवून राजा होऊन बसला. एरागॉन हा कार्वाहॉल नावाच्या आडगावातला 15 वर्षांचा पोर, आई जन्म देऊन निघून गेलेली, बाप कोण ते माहीत नाही, गॅरो मामाच्या शेतावर मामेभाऊ रोरानबरोबर वाढलेला. डोंगरात शिकारीला गेला असताना त्याच्यासमोर एक निळा गुळगुळीत दगड येऊन पडतो, तो दगड म्हणजे अंडं, अंड्यातून ड्रॅगन, ड्रॅगनच्या मागावर राजाची माणसं, त्यात मामा जातो, आणि मग गावात गोष्टी सांगणारा ब्रॉम नावाचा म्हातारा याला सोबत घेऊन निघतो, वाटेत तलवार शिकवतो, जादू शिकवतो आणि मरतो. पुढे मर्टाग नावाचा तरुण भेटतो, दोघं मिळून कैदेतल्या एका एल्फ (माणसांहून वेगळी, जादू जाणणारी जमात) बाईला, आर्याला, सोडवतात आणि डोंगराच्या पोटात लपलेल्या बंडखोरांच्या तळावर पोचतात, तिथे शेवटची लढाई.

आता 1977 चा तो स्टार वॉर्स सिनेमा ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. शत्रूच्या हाती सापडायच्या आत राजकन्या मोलाची वस्तू दूर पाठवते, ती नेमकी शेतावरच्या पोराकडे येते, पोराच्या घरच्यांना मारतात, म्हातारा गुरू त्या जुन्या योद्ध्यांपैकीच निघतो, सगळं जसंच्या तसं. त्यावर बुटके आणि एल्फ 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनकडून, खरं नाव कळलं की त्या गोष्टीवर ताबा येतो ही कल्पना अर्सुला ले ग्विनच्या पुस्तकांत आधीपासून आहे, माणसाशी मनातल्या मनात बोलणारे ड्रॅगन ॲन मॅकॅफ्रीकडे आहेत. हिरोचं नावसुद्धा ड्रॅगन या शब्दातलं पहिलं अक्षर बदलून केलेलं. यात बचाव करण्यासारखं काही नाही आणि मी करतही नाहीये. पण सांगाडा उसना असणं हा माझ्या मते छोटा गुन्हा आहे, आपल्याकडे एकाच आख्यानावर पिढ्यान् पिढ्या कीर्तनं होतात आणि कोणी बुवांना चोर म्हणत नाही, बुवा त्यात पदरचं काय घालतात ते बघतात.

तर या पोराने पदरचं काय घातलं? मला विचाराल तर हिशोब. ज्या ज्या ठिकाणी तो कशाची किती किंमत मोजावी लागली हे नीट सांगतो, दमलेलं अंग, संपलेलं पाणी, उधारी, अंतर, त्या त्या ठिकाणी हे पुस्तक असं काही पकडतं की विचारू नका. आणि जिथे हिरोची उधारी तो परस्पर माफ करून टाकतो तिथे घसरतं. पुस्तकातले चांगले-वाईट सगळे भाग मी या एका गोष्टीवर लावून बघितले आणि बहुतेक सगळे बसले.

सुरुवातीचाच सीन घ्या. शिकार हुकली, हिवाळा तोंडावर, घरात पैसे नाहीत, म्हणून एरागॉन तो निळा दगड घेऊन स्लोन खाटकाकडे जातो की हा ठेव आणि मांस दे. घासाघीस होते, आणि दगड स्पाइन नावाच्या डोंगरातला आहे हे कळल्यावर स्लोन बिथरतो, हातच लावत नाही. हॉर्स्ट लोहार मध्ये पडतो, पैसे टाकतो, आणि पोराला फुकट नको म्हणून भट्टीवर काम करून फेडायचं ठरतं. जगाला हादरवणारं अंडं हातात आहे आणि प्रश्न काय, तर आठवडाभराचं मांस! राजे-महाराजे, भविष्यवाण्या असलं काही नाही, उधारीचं खातं. मला तर तिथेच पुस्तक आवडायला लागलं.

मग ड्रॅगनवरची पहिली भरारी. कुठल्याही दुसऱ्या पुस्तकात ती म्हणजे ढगांवर तरंगणं, आनंदाचे अश्रू वगैरे असतं. इथे काय होतं, तर राजाची माणसं गावात आल्यावर साफिरा, म्हणजे ड्रॅगन, घाबरते आणि एरागॉनला पाठीवर घेऊन उडते. खोगीर नाही. तिच्या खवल्यांनी पोराच्या मांड्या सोलून निघतात, रक्त येतं, थंडीत रात्रभर डोंगरात अडकून पडतो, दुसऱ्या दिवशी धड चालताही येत नाही. आणि नेमका त्याच वेळात मागे मामाचं घर उद्ध्वस्त होतं. म्हणजे ज्या भरारीची मुलं स्वप्नं बघतात तिची किंमत मांड्यांचं कातडं आणि मामा. घोड्यावर बसलेल्या, डोंगरात हिंडलेल्या, पाय फुटेपर्यंत चाललेल्या माणसालाच हे सुचतं, सिनेमे बघून नाही. मोंटाना तिथे दिसतं.

जादूचं तर काय सांगू. नियम अगदी साधा, एखादं काम हाताने करायला जितकी ताकद लागेल तितकीच जादूने करायलाही लागते, आणि झेपणार नाही ते काम अंगावर घेतलं तर माणूस जागच्या जागी मरतो. याझुआक नावाच्या गावात हे पहिल्यांदा कळतं. गावाच्या मधोमध प्रेतांचा ढीग, त्यात तान्हं बाळसुद्धा (लहान मुलांना देणार असाल तर हे पान आधी वाचा, भीषण आहे), अर्गल नावाचे शिंगवाले राक्षस अंगावर येतात आणि एरागॉन ब्रॉमच्या तोंडून ऐकलेला एक शब्द ओरडत बाण सोडतो. ब्रिसिंगर, म्हणजे आग. बाण निळा पेटतो, अर्गल मरतात, आणि पोराच्या अंगातलं बळच निघून जातं. आता गुरूने काय करावं? शाबासकी द्यावी, तुझ्यात अफाट शक्ती आहे म्हणावं. ब्रॉम त्याला हातातला खडा जादूने उचलायला लावतो. खडा! तोही घाम गाळून उचलतो. एका गोट्याएवढ्या खड्याने ती जादू जितकी खरी वाटते तितकी ती पुढच्या कुठल्याही आगीच्या लोळाने वाटत नाही.

याच्या जोडीला जादूची जुनी भाषा आहे, तिच्यात खोटं बोलताच येत नाही. एल्फ लोक त्यातूनही पळवाट काढतात, खोटं न बोलता अर्धंच खरं बोलतात, बरोब्बर वकिलांसारखं. वार्डन म्हणजे बंडखोरांच्या तळावर एक म्हातारी एक तान्हं बाळ घेऊन येते, याला आशीर्वाद दे म्हणते, आणि एरागॉन आपल्याला येतील तशा शब्दांत त्या भाषेत आशीर्वाद देऊन टाकतो. पहिल्या पुस्तकात तो एक गोड प्रसंग वाटतो. दुसऱ्या पुस्तकात, एल्डेस्टमध्ये, कळतं की शब्दाचं रूप चुकलंय, "संकटापासून तुझं रक्षण होवो" म्हणायचं ते "संकटापासून तू इतरांची ढाल हो" असं झालंय, आणि त्या पोरीला, एल्वाला, आजूबाजूच्या सगळ्यांची दुखणी अंगावर घेत जगावं लागतंय. हे वाचताना मला आपली इंद्रशत्रूची गोष्ट आठवली. त्वष्टा यज्ञ करतो की इंद्राला मारणारा मुलगा होऊ दे, मंत्रातला स्वर चुकतो आणि अर्थ उलटतो, इंद्रच ज्याला मारेल असा वृत्र जन्माला येतो. ही गोष्ट पाओलिनीला माहीत असण्याचं काही कारण नाही, पण जिथे शब्द हीच ताकद आहे तिथे व्याकरण चुकल्यावर काय होणार, हे त्याचं त्याला सुचलं आणि त्याने ते शेवटपर्यंत नेलं. मालिकेतली सगळ्यात चांगली कल्पना हीच, माझ्या मते. उसनी वाटत नाही.

टीर्म शहरातला भाग बऱ्याच लोकांना कंटाळवाणा वाटतो, माझ्या भाच्यानेही पानं उलटली म्हणे, मला मात्र भारी वाटला. मामाला मारणारे राझॅक सैथर नावाचं एक दुर्मीळ तेल वापरतात, कातडी जाळणारं. मग ब्रॉम म्हणतो, एवढं महाग तेल कोण मागवतं, कुठल्या गावाला जातं, ते जहाजांच्या मालाच्या नोंदींत सापडेल. आणि हे लोक जोड नावाच्या व्यापाऱ्याच्या मदतीने चोरून ते बाड चाळत बसतात. ड्रॅगनच्या कादंबरीत जकातीच्या वह्या! तिथेच अँजेला ही वैदू बाई भेटते, जी बेडूक नावाचा प्राणी असतो पण टोड नावाचा नसतोच हे सिद्ध करायच्या नादात आहे, तिच्याकडे सोलेम्बम नावाचं माणसाचं रूप घेणारं मांजर आहे, आणि ती ड्रॅगनची हाडं टाकून भविष्य सांगते. अँजेला हे पात्र पाओलिनीने स्वतःच्या बहिणीवरून घेतलंय, नावही तिचंच. ती आली की पानं हलकी होतात, आणि ती निघून गेली की पुस्तक पुन्हा गंभीर चेहरा करून चालायला लागतं.

साफिराबद्दल वेगळं लिहायलाच हवं कारण तिच्याशिवाय हे पुस्तक उभंच राहणार नाही. ड्रॅगनला नाव द्यायचा प्रसंग धमाल आहे, एरागॉन ब्रॉमकडून ऐकलेली जुन्या ड्रॅगनची नावं एकेक करून विचारतो, ती प्रत्येकाला नाही म्हणते, शेवटी याच्या डोक्यात उजेड पडतो की आपण सगळी नरांची नावं विचारतोय आणि ही मादी आहे. तिला मत्सर वाटतो, भीती वाटते, ती याला झापते, कधी आईसारखी वागते कधी अगदीच पोरासारखी. दोघांचं मनातलं बोलणं तिरक्या टायपात छापलंय, आणि खरं सांगायचं तर माणसं तोंडाने बोलतात त्यापेक्षा ते जास्त माणसासारखं वाटतं. बाकीची पात्रं बोलायला लागली की भाषण देतात, ही बोलते.

2006 मध्ये याचा सिनेमा आला. त्यात साफिरा ढगात एक झेप घेते आणि खाली येते ती पूर्ण वाढ झालेली. संपलं! पुस्तकात ती महिनोन्महिने वाढते, एरागॉन तिला रानात लपवतो, मामापासून चोरून मांस नेऊन देतो, तिची भूक वाढत जाते तशी याची पंचाईत वाढत जाते. ते सगळं कापल्यावर उरतो फक्त उसना सांगाडा, आणि सिनेमा का फसला हे मग वेगळं शोधावं लागत नाही.

आता दुसरी बाजू.

पहिली तक्रार भाषेची. पहिल्याच वाक्यात रात्रीच्या वाऱ्यावर एक असा वास येतो जो म्हणे जग बदलून टाकणार आहे. मी भाच्याला विचारलं, वास कसा जग बदलणार रे? तो म्हणाला, मावशी तू पुढे वाच. वाचलं, पण विशेषणांचा मारा काही थांबत नाही. सूर्य नुसता उगवत नाही, डोळे नुसते बघत नाहीत, डोंगर तर नुसता कधीच नसतो. रव्याचा लाडू करताना एखाद्याने बेदाणेच इतके घालावेत की लाडू वळेनाच, तसं होतं. संवादही जुन्या काळचे वाटावेत म्हणून जड केलेले, खेडवळ शेतकरीही दरबारात उभा राहिल्यासारखा बोलतो. जिथे काम चालू असतं, शिकार, खोगीर शिवणं, जखम बांधणं, तिथे हाच लेखक किती साधं आणि नेमकं लिहितो, म्हणजे येत नाही असं नाही, वाचलेल्या पुस्तकांची छाप सुटत नाही.

दुसरी, बेशुद्ध पडणं. हा मुलगा सारखा बेशुद्ध पडतो आणि प्रकरण संपतं. लढाई झाली, पडला. पकडला गेला, डोक्यात फटका, पडला. शुद्धीवर येतो तेव्हा कोणीतरी सगळं निस्तरून ठेवलेलं असतं. हीच ती माफ केलेली उधारी. लेखकाला प्रसंग कसा बंद करायचा कळलं नाही की दिवा मालवतो.

तसंच शिकण्याचं. खडा उचलायला घाम गाळणारा हाच पोर थोडक्या दिवसांत अक्षरओळख नसलेल्यापासून वाचता येण्यापर्यंत पोचतो, आणि काही महिन्यांत तलवारीत मर्टागच्या बरोबरीचा होतो, जो लहानपणापासून राजाच्या महालात तयार झालाय! दोघं रोज लढतात आणि कोणी कोणाला हरवू शकत नाही. मग मर्टागने सगळं आयुष्य काय केलं? आणि मामाचं दुःख. मामा गेला तो प्रसंग चांगला लिहिलाय, पण मग रस्त्याला लागल्यावर ते दुःख अधूनमधून आठवण करून दिल्यासारखं येतं, सूड सूड म्हणून, आणि नव्या शहरात शिरलं की विसरतं. ब्रॉमच्या मरणाचं तसं नाही, ते खोल उतरतं, साफिरा त्याच्या समाधीचा दगड हिऱ्याचा करून टाकते तिथे मी पण जरा थांबले.

आर्याबद्दल मुलींनी, आणि मुलांनीही, जरा जागरूकपणे वाचावं. ही बाई सुरुवातीच्या प्रकरणात शत्रूला चकवून अंडं पळवते, महिनोन्महिने छळ सोसून तोंड उघडत नाही, म्हणजे कागदावर सगळ्यांत शूर तीच. पण पुस्तकाचा मोठा भाग ती बेशुद्ध आहे, आणि एरागॉनला स्वप्नात दिसते तेव्हा आपल्याला तिचे केस, तिचा चेहरा, तिचं सौंदर्य एवढंच कळतं. सुटका झाल्यावर कळतं की तिला विष दिलेलं आहे, ठरावीक दिवसांत उतारा मिळाला नाही तर मरणार, आणि हडारॅकचं वाळवंट पार करायची जी धावपळ आहे, जमिनीखालचं पाणी जादूने वर खेचायचं, घोडे किती टिकतील, मागे अर्गल किती अंतरावर, ती या पुस्तकातली सगळ्यात थरारक पानं आहेत. हिशोब परत आला ना! पण त्या पानांत आर्या म्हणजे साफिराच्या अंगाशी बांधलेलं सामान. तिला बोलायला मिळतं तोवर पुस्तक संपत आलेलं असतं.

गॅलबटोरिक्स तर दिसतच नाही. अख्ख्या पहिल्या भागात एकदाही नाही. त्याची दहशत सगळी ऐकीव, लोक सांगतात म्हणून तो वाईट. काही जणांना यात मजा वाटते, मला नाही वाटली, कारण त्याच्या जागी उभा केलेला डर्झा हा लाल केसांचा जादूगार फक्त क्रूर आहे, त्याला हवंय काय ते शेवटपर्यंत धड कळत नाही.

आणि अर्गल. एक अख्खी जमात दुष्ट, दिसेल तो मारायचा, प्रश्न नाही. पाओलिनीला हे नंतर खटकलं असावं, कारण दुसऱ्या भागात तेच अर्गल बंडखोरांकडे हात पुढे करून येतात आणि एरागॉनची पंचाईत होते, ते चांगलं केलंय. पहिल्यात मात्र नुसतं कापणं.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. वाटेत गुलामांचा व्यापार करणाऱ्या टोळीशी गाठ पडते, त्यांचा म्होरक्या टॉर्केनब्रँड खाली पडलेला असतो, निःशस्त्र, आणि मर्टाग सरळ त्याचं मुंडकं उडवतो. एरागॉन भडकतो, गरज काय होती म्हणतो. मर्टाग म्हणतो जिवंत सोडला असता तर त्याने आपला माग सांगितला असता, मला जगायचंय. दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. इथे माझ्या अपेक्षा एकदम वाढल्या, कारण दोघांचंही बरोबर आहे, आणि असा प्रश्न मुलांच्या पुस्तकात कोण घालतं? पण दोन-चार पानांत पाठलागाची गडबड सुरू होते आणि भांडण वाऱ्यावर. एरागॉन स्वतः किती जणांना मारतो त्याच्याशी कोणी ते ताडूनही बघत नाही. भाच्याचं म्हणणं, मावशी मर्टाग कसा आहे हे दाखवायला तो सीन आहे, एवढंच. असेल. मला तो एरागॉन कसा आहे हे दाखवायला हवा होता.

जादूच्या नियमातही एक भोक आहे आणि ते भाच्यानेच दाखवलं. जर ताकदीचाच हिशोब असेल तर आगीचे लोळ कशाला, शत्रूच्या मेंदूतली एक बारीक शीर चिमटली की काम झालं, मुंगी मारण्याएवढी ताकद. पहिल्या भागात हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. दुसऱ्या भागात म्हातारा एल्फ गुरू नेमके असेच मरणशब्द शिकवतो, म्हणजे कोणीतरी लेखकाला हे विचारलं असणार नाहीतर त्याचं त्यालाच कळलं असणार, आणि त्याने भोक बुजवलं. चांगलं बुजवलंय, दोन जादूगार आधी एकमेकांच्या मनावर ताबा मिळवायला झुंजतात, मग बाकीचं.

शेवटच्या लढाईत डर्झा एरागॉनची पाठ चिरतो, एरागॉन त्याच्या काळजात तलवार घालतो, पण तेसुद्धा आर्या आणि साफिरा वरून बुटक्यांचा तो प्रचंड नीलमणी फोडून उतरतात आणि डर्झाचं लक्ष विचलित होतं म्हणून. एकट्याच्या जोरावर जिंकत नाही, आणि पाठीवरची जखम भरते पण दुखणं राहतं. पहिला भाग संपताना हिरो जिंकलेला आणि अपंग, असं फार कमी पुस्तकांत असतं, मला ते फार आवडलं. एल्डेस्टमध्ये तर त्या दुखण्याचे झटके येतात, तलवार उचलता उचलता कोसळतो, त्याच्या अभिमानाचा चुरा होतो. आणि मग काय होतं? एल्फांचा एक उत्सव, त्यात ड्रॅगनांची जादू येते आणि एका रात्रीत पाठ बरी, वर अंगात एल्फांची ताकद आणि चपळाई बोनस. मी पुस्तक मिटून ठेवलं दोन दिवस. पहिल्या भागाने इतक्या मेहनतीने चढवलेलं कर्ज, एका सणाच्या रात्री माफ!

गंमत म्हणजे त्याच एल्डेस्टमध्ये दुसरीकडे मामेभाऊ रोरान आहे. त्याच्याकडे ड्रॅगन नाही, जादू नाही, हातात हातोडा. राजाची माणसं त्याला धरायला येतात तेव्हा तो अख्ख्या कार्वाहॉल गावाला उठवतो, म्हातारेकोतारे, पोरंबाळं सगळ्यांना घेऊन तो भीतीचा स्पाइन डोंगर ओलांडतो, कोणाला काय खायला घालायचं, कोण मागे राहिलं, पैसे कुठून आणायचे, माणसं मेली त्याला जबाबदार कोण, हे सगळं त्याच्या डोक्यावर. पुढे टीर्मला पोचून हे लोक जहाज पळवतात, आणि तोच जोड व्यापारी त्यांच्यात सामील होतो. इथे एकही हिशोब सुटत नाही. एरागॉन तिकडे जंगलात ध्यान करतोय आणि इकडे हा लोहारासकट गाव ओढत नेतोय.

म्हणून आठवी-नववीच्या मुलांना पहिला भाग बिनधास्त द्या, इंग्रजी जरा अलंकारिक आहे पण गोष्ट ओढून नेते, याझुआकचं पान सोडलं तर घाबरण्यासारखं फार नाही. मोठ्यांनी वाचायचं असेल तर बेशुद्ध पडण्याची प्रकरणं आणि आर्याची स्वप्नं भराभर उलटा, टीर्म आणि वाळवंट सावकाश वाचा. आणि दुसरा भाग घेतलात तर रोरानची प्रकरणं आधी सलग वाचून काढली तरी चालतं, एरागॉनची जंगलातली शिकवणी मागाहून कधीही वाचता येते.